माझे सीपॅप मशीन वॉर्डात चालू द्या

प्रति,
पुणे शहरातील सर्व रुग्णालयांचे वैद्यकीय अधीक्षक
आणि आरोग्य प्रमुख, पुणे महानगरपालिका

सविनय नमस्कार.

गुडघ्याच्या सांधेबदलासाठी मी शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात दाखल झाले तेव्हा माझे सीपॅप मशीन सोबत घेऊन गेले होते. ते मला वॉर्डात लावू दिले नाही. ‘बाहेरचं इलेक्ट्रिक सामान आत चालत नाही मॅडम, नियम आहे,’ एवढे उत्तर मिळाले. नियम कुठे लिहिला आहे असे विचारल्यावर दाखल होतानाच्या कागदांवरची एक ओळ दाखवण्यात आली. त्या ओळीत किटली, इंडक्शन शेगडी आणि इस्त्री यांची नावे होती. रात्री श्वासाची वाट उघडी ठेवणारे, डॉक्टरांनी लिहून दिलेले यंत्रही त्याच ओळीत धरले गेले.

रुग्णालयाचे नाव मी लिहीत नाही. शस्त्रक्रिया उत्तम झाली, सिस्टर आणि मावशींनी मनापासून केले, गुडघा आज चांगला वाकतो. शिवाय हा प्रश्न एका इमारतीपुरता नाही. स्लीप क्लिनिकच्या बाकावर शेजारी बसलेल्यांशी बोलले की हीच हकीकत वेगवेगळ्या रुग्णालयांची म्हणून ऐकायला मिळते. कुणाला मशीन लावू दिले, कुणाला नाही. कुणाला एका मजल्यावर लावू दिले आणि बेड बदलल्यावर वरच्या मजल्यावर काढायला लावले. कोण ड्यूटीवर आहे त्यावर हे ठरत असेल तर त्याला नियम म्हणता येत नाही. म्हणूनच रुग्णालयाच्या तक्रारवहीत न लिहिता मी हे सगळ्यांसमोर लिहिते आहे.

आपण डॉक्टर आहात, आपल्याला स्लीप ॲप्निया हा माझा आजार समजावून सांगायची गरज नाही. पण हे पत्र इतरही वाचतील, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काही जणांत ते इतके सैल पडतात की श्वासाची वाट मिटते. छाती आणि पोट धडपडत असतात, पण हवा आत जात नाही. निदान १० सेकंद असे झाले की त्याला ॲप्निया म्हणतात. श्वास अडण्याचे किंवा उथळ होण्याचे असे प्रसंग तासाला पाचपेक्षा कमी असले तर काळजी नसते, ३० किंवा त्याहून जास्त असले तर आजार तीव्र धरतात. माझ्या स्लीप स्टडीत, म्हणजे झोपेच्या तपासणीत, हा आकडा चाळीसच्या पुढे होता. प्रत्येक वेळी रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, मोठ्याने घोरत श्वास परत सुरू होतो, आणि सकाळी यातले काहीही आठवत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी गेले तेव्हा मृत्यूच्या कारणांत या आजाराचे नाव आले. त्याआधी आमच्याच नात्यात घोरणे हा थट्टेचा विषय होता.

सीपॅप हा यावरचा मुख्य उपचार. सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. मास्कमधून ठरावीक दाबाने हवा सोडायची आणि त्या दाबाने घशाची वाट उघडी ठेवायची, एवढेच त्याचे काम. ४ ते २० सेंटीमीटर पाण्याच्या दाबापर्यंत ही मशीन चालतात, आणि त्यातला कोणता दाब कुणाला लागतो हे तपासून ठरवलेले असते. मी टपाल खात्यातून निवृत्त झाले. माझे मशीन सीजीएचएस या केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेतून, डॉक्टरांच्या शिफारशीवर मंजूर झालेले आहे. म्हणजे केंद्र सरकारने उपचार म्हणून त्याचे पैसे दिले आहेत.

आता शस्त्रक्रियेनंतरच्या रात्रींबद्दल. यासाठीच हे पत्र लिहिते आहे.

मला कमरेत भूल दिली होती आणि सोबत गुंगीचे औषध होते. नंतर वेदनेसाठी ट्रामाडॉलची इंजेक्शने आणि फेंटानिलचा पॅच. ही औषधे लागतातच, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ही अफूच्या जातीची वेदनाशामके श्वासाचा वेग मंदावतात, आणि श्वास अडल्यावर आपल्याला जागे करणारी मेंदूची सवयही सुस्त करतात. फेंटानिलच्या पॅचचा असर ७२ तास राहतो. त्यात गुडघ्याच्या पेशंटला उताणेच झोपावे लागते. घरी मी कुशीवर झोपते, कारण उताणे झोपले की जीभ मागे पडून वाट आणखी अरुंद होते.

आणखी एक गोष्ट नातेवाइकांना कुणी सांगत नाही. ज्या झोपेत स्वप्ने पडतात ती झोप शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या एक-दोन रात्री दबून जाते आणि तिसऱ्या-चौथ्या रात्रीच्या सुमारास उसळून परत येते. शरीराचे स्नायू सर्वांत सैल याच झोपेत असतात. म्हणजे पेशंटला आयसीयूतून वॉर्डात आणलेले असते, घरच्यांना ‘आता काळजी नाही’ असे सांगून झालेले असते, मॉनिटर काढलेला असतो, आणि त्याच सुमाराला श्वास सर्वाधिक अडण्याची शक्यता असते. रोज रात्री न चुकता सीपॅप लावणाऱ्या माणसाचे मशीन आपण त्याच रात्री काढून घेता.

माझ्या लेकीने त्या रात्री माझ्या खाटेशेजारी खुर्चीत बसून काढल्या. श्वास थांबला की ती माझा खांदा हलवायची. मी दचकून श्वास घ्यायचे आणि परत गुंगीत जायचे. दिवसभर नोकरी करून आलेल्या मुलीवर ही पाळी यावी याचे मला फार वाईट वाटते. आमच्या शेजारच्या खाटेवर बीड जिल्ह्यातून आलेल्या एक आजी होत्या. त्यांच्याजवळ रात्री थांबायला कुणी नव्हते. त्यांना हा आजार असता तर त्यांचा खांदा कुणी हलवला असता?

माझ्या तक्रारी आता एकेक करून सांगते.

पहिली तक्रार निरोपाची. भूलतज्ज्ञांनी शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीत सगळे नीट विचारले होते. फाइलवर ‘ओएसए, सीपॅपवर’ असे लिहिले होते (ओएसए म्हणजे श्वासाची वाट मिटून होणारा हाच स्लीप ॲप्निया) आणि ‘मशीन घेऊनच या’ असे तोंडीही सांगितले होते. ते बरोबरच होते. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे २००६ची आहेत आणि २०१४ मध्ये सुधारलेली आहेत. शस्त्रक्रियेआधी सीपॅप वापरणाऱ्याला ते शस्त्रक्रियेनंतरही सुरू ठेवावे, असे त्यांत म्हटले आहे. झोपेचे आजार आणि भूल यांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनेही २०१६ मध्ये पेशंटने स्वतःचे मशीन रुग्णालयात सोबत आणावे अशी शिफारस केली. पण भूलतज्ज्ञांची ती ओळ वॉर्डापर्यंत पोहोचली नाही. एकाच रुग्णालयातल्या एका डॉक्टरने ‘आणा’ म्हणायचे आणि दुसऱ्या मजल्यावर ‘चालत नाही’ म्हणायचे, यात पेशंटने कुणाचे ऐकायचे?

दुसरी तक्रार ऑक्सिजन मोजण्याच्या पद्धतीची, आणि माझ्या मते ही सर्वांत गंभीर आहे. मशीन नसले तरी ‘आम्ही लक्ष ठेवू’ असे आम्हाला सांगण्यात आले. लक्ष ठेवणे म्हणजे काय, तर सिस्टर रात्री मधून मधून यायच्या, ‘काकू, बोट द्या’ म्हणून मला उठवायच्या, बोटाला ऑक्सिमीटर लावायच्या आणि ९६ किंवा ९७ असा आकडा लिहून जायच्या. तो आकडा खराच होता, पण तो जाग्या माणसाचा होता. मला उठवले की माझा श्वास सुरळीत व्हायचा. आजार झोपेत होतो आणि मोजणी जाग आल्यावर होते, म्हणून कागदावर सगळी रात्र उत्तम दिसते. सकाळच्या राउंडला डॉक्टरांनी तोच कागद पाहिला आणि ‘छान आहे’ म्हणाले. मधल्या वेळात सिस्टर खाटेवरून नजर टाकून जायच्या तेव्हा मी घोरत असायचे, आणि ‘गाढ झोप लागलीय’ असे लेकीला सांगायच्या. घोरणे थांबून शांत झाले तर त्यांना आणखी बरे वाटायचे. धोका नेमका त्या शांततेत असतो, हे त्यांना कुणी शिकवलेले नव्हते. यात त्या सिस्टरचा दोष नाही. एका सिस्टरकडे रात्री किती खाटा असतात हे आपण जाणता.

तिसरी तक्रार नाकातल्या ऑक्सिजनच्या नळीबद्दल. लेकीने फारच आग्रह धरल्यावर ‘ऑक्सिजन लावतो, म्हणजे मशीनची गरज नाही’ असे आम्हाला सांगितले. मिटलेली वाट ऑक्सिजनने उघडत नाही. उलट आकडा वर राहतो, श्वास अडलेला असला तरी धोक्याची सूचना उशिरा मिळते, आणि आत कार्बन डायऑक्साइड साठत राहू शकतो. ऑक्सिजन लागत असेल तर तो सीपॅपच्या नळीतही एका छोट्या जोडणीने सोडता येतो. फक्त आधी मशीन सुरू करायचे आणि मग ऑक्सिजन, बंद करताना आधी ऑक्सिजन आणि मग मशीन, हा क्रम पाळावा लागतो, नाहीतर मशीनमध्ये ऑक्सिजन साठून आगीचा धोका होतो. शिकायला काही मिनिटे लागतात.

चौथी तक्रार पैशांची आहे, पण केवळ पैशांची नाही. नंतर आम्हाला पर्याय देण्यात आला तो भाड्याच्या बायपॅपचा, म्हणजे श्वास घेताना आणि सोडताना वेगवेगळा दाब देणाऱ्या मशीनचा. एका पुरवठादाराकडून ते मागवले आणि दिवसाचे भाडे बिलात लागले. हे मशीनही रुग्णालयाच्या बाहेरूनच आले होते आणि आधी इतर पेशंटना लावलेले होते. त्याचा मास्क तोंड आणि नाक दोन्ही झाकणारा आणि माझ्या चेहऱ्याला मोठा होता. हवा डोळ्यांत शिरायची, नाकाच्या हाडावर वळ उठला. दाब किती ठेवला असे विचारल्यावर मिळालेला आकडा माझ्या तपासणीतला नव्हता. घरचे मशीन, माझ्या चेहऱ्याचा मास्क, माझा ठरलेला दाब आणि कार्डात साठलेली रोजची नोंद, हे सगळे त्या वेळी कपाटातल्या पिशवीत बंद होते.

पाचवी तक्रार थोडक्यात. ‘मशीन लावायला परवानगी नाही’ हे मला लेखी द्या, अशी विनंती आम्ही केली. ते कुणीही लिहून दिले नाही.

आपल्या बाजूनेही अडचणी आहेत आणि त्या मी समजून घेतल्या आहेत. विजेची काळजी रास्त आहे. खराब ॲडॅप्टर, सोललेली वायर किंवा स्वस्त एक्स्टेंशन बोर्ड वॉर्डात नकोच. पण त्यासाठी आपल्याकडे बायोमेडिकल विभाग आहे. आपल्या स्वतःच्या सलाइनच्या पंपांतून वीज गळत नाही ना, ही तपासणी तो विभाग करतोच. तीच तपासणी माझ्या मशीनची करावी, तारखेचे स्टिकर चिकटवावे, आणि उत्तीर्ण झाले नाही तर नाही म्हणावे. ते मी मान्य करीन.

संसर्गाची काळजी तर पुणेकरांना कुणी शिकवायला नको. २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू याच शहरात झाला आणि मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातले कोविडचे पहिले रुग्णही इथेच सापडले. सीपॅपच्या मास्कला उच्छ्वास बाहेर जाण्यासाठी छिद्रे असतात. पेशंटला क्षयरोग, फ्लू किंवा कोविड असेल तर ती हवा खोलीत पसरते, म्हणून तिथे वेगळी खोली द्यावी किंवा डॉक्टरांनी वेगळा निर्णय घ्यावा. पण गुडघ्याच्या, पित्ताशयाच्या किंवा हर्नियाच्या पेशंटला हे कारण लागू होत नाही. एकाच माणसाने वापरलेले, धुतलेला मास्क आणि नवीन फिल्टर लावलेले मशीन दहा जणांत फिरणाऱ्या भाड्याच्या मशीनपेक्षा जास्त धोक्याचे कसे?

काही पेशंटना सीपॅप त्या वेळी लावूच नये, हेही खरे. उलट्या होत असतील, शुद्ध नीट नसेल, चेहऱ्याची किंवा अन्ननलिकेची शस्त्रक्रिया झाली असेल, तर डॉक्टरांनी विचार करून नकार द्यावा. असा नकार वैद्यकीय असतो. मला मिळालेला नकार किटली आणि इस्त्रीच्या यादीतून आला होता.

मशीन बिघडले तर जबाबदारी कुणाची, हाही प्रश्न विचारला गेला. फिलिप्स कंपनीने जून २०२१ मध्ये आतल्या फोमच्या दोषामुळे जगभरातून लाखो मशीन परत मागवली होती, त्यामुळे मशीनचे मॉडेल तपासणे योग्यच आहे. बाकी जबाबदारीसाठी एक कागद करा. मशीन माझे, हरवले-बिघडले तर जबाबदारी माझी, असे मी सही करून देईन. आपण शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर याहून कितीतरी मोठ्या गोष्टींची सही घेता.

माझ्या मागण्या फार नाहीत.

प्रत्येक रुग्णालयाने पेशंटच्या स्वतःच्या सीपॅप आणि बायपॅपबद्दल एक पानाचे लेखी धोरण मराठीत करावे आणि ते दाखल होण्याआधी, तपासणीच्या दिवशीच, हातात द्यावे. मशीन सोबत आणायला सांगावे. बायोमेडिकल तपासणी त्याच दिवशी, रात्र पडण्याआधी व्हावी. दुपारनंतर किंवा रविवारी दाखल झालेल्या पेशंटला ‘उद्या इंजिनिअर आले की बघू’ असे उत्तर मिळू नये, कारण त्याची धोक्याची रात्र उद्यापर्यंत थांबत नाही. खाटेजवळ एक मोकळा प्लग पॉइंट द्यावा आणि मशीनमधली हवा दमट करणाऱ्या ह्युमिडिफायरसाठी डिस्टिल्ड वॉटर.

फाइलवर ‘सीपॅपवर’ असे लिहिलेल्या आणि अफूच्या जातीची वेदनाशामके सुरू असलेल्या पेशंटच्या बोटाला रात्रभर सतत चालणारा, अलार्म असलेला ऑक्सिमीटर लावावा. मशीन लावू दिले तरी लावावा. खाटेचे डोके उंच ठेवावे आणि जमेल तिथे पेशंटला उताणे ठेवू नये. हा मजकूर शिफ्ट बदलताना एका सिस्टरने दुसरीला तोंडी सांगितलाच पाहिजे.

नकार द्यायचा असेल तर तो डॉक्टरांनी द्यावा, कारणासह, लेखी. पर्यायी मशीन रुग्णालयाने आणले तर दाब पेशंटच्या रिपोर्टप्रमाणे ठेवावा, मास्क पेशंटचा स्वतःचा वापरू द्यावा, आणि पेशंटचे चांगले मशीन नाकारून आणलेल्या मशीनचे भाडे त्याच्या बिलात लावू नये.

ज्यांना आपल्याला हा आजार आहे हेच माहीत नाही, त्यांचा विचार केल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही. चांगले मशीन चाळीस-पन्नास हजारांच्या घरात जाते, आणि स्लीप स्टडी वेगळी. ससूनमध्ये किंवा कमला नेहरू रुग्णालयात येणाऱ्या कितीतरी पेशंटपर्यंत हे निदान पोहोचतच नसणार. टोरांटोच्या भूलतज्ज्ञ फ्रान्सिस चुंग यांनी २००८ मध्ये तयार केलेली ‘स्टॉप-बँग’ ही आठ प्रश्नांची चाचणी फुकट आहे: घोरणे, दिवसाचा थकवा, झोपेत श्वास थांबताना कुणी पाहिला का, रक्तदाब, वजन, वय, मानेचा घेर आणि स्त्री की पुरुष. एक मोजपट्टी आणि काही मिनिटे पुरतात. भूल देण्याआधी प्रत्येकाला हे प्रश्न विचारावेत, आणि सार्वजनिक रुग्णालयांत अशा पेशंटसाठी चालू स्थितीतली मशीन आणि वेगवेगळ्या मापांचे मास्क ठेवावेत.

आरोग्य प्रमुख महोदय, आपल्याकडे वेगळी विनंती आहे. शहरातल्या खासगी रुग्णालयांची नोंदणी महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ खाली आपल्या कार्यालयात होते. २०२१च्या सुधारित नियमांनी रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले आहे. त्या अधिकारात आपण सर्व रुग्णालयांना एक परिपत्रक काढू शकता: डॉक्टरांनी लिहून दिलेले श्वासाचे मशीन हे ‘बाहेरचे विद्युत उपकरण’ समजू नये, त्यासाठी वेगळे धोरण असावे, आणि नोंदणीच्या नूतनीकरणावेळी ते पाहिले जाईल. एनएबीएच हे रुग्णालयांच्या दर्जाचे मानांकन घेतलेल्या रुग्णालयांना पेशंटने बाहेरून आणलेल्या औषधांसाठी नियम ठरवावेच लागतात. श्वासाच्या मशीनसाठी तसा नियम करायला त्यांना अवघड जाणार नाही.

या पत्राचे उत्तर मला व्यक्तिशः नको आहे, जाहीर हवे आहे. माझ्या दुसऱ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया येत्या हिवाळ्यात करायची आहे. कुठल्या रुग्णालयात जायचे हे ठरवण्याआधी मी प्रत्येक ठिकाणी हे धोरण मागणार आहे, आणि जिथे ते कागदावर मिळेल तिथेच दाखल होणार आहे.

आपली,
एक रुग्ण आणि निवृत्त टपाल कर्मचारी
सिंहगड रस्ता, पुणे